कुत्रा सॉक्स, दगड, प्लास्टिक काहीही खातो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बंड्या लॅब्राडोर आहे, आता सात वर्षांचा. दीड वर्षाचा असताना त्याच्या आतड्यातून माझ्या मुलाचा शाळेचा राखाडी मोजा ऑपरेशन करून काढावा लागला आणि तेव्हापासून बिल्डिंगमधले, ग्राउंडवर भेटणारे, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे सगळे मला हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढलीत. मी डॉक्टर नाहीये. जे लिहिलंय ते डॉक्टरांकडून शिकलेलं, वाचलेलं आणि घरात भोगलेलं आहे. तुमच्या कुत्र्याने आत्ताच काही गिळलं असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा.

सगळेच कुत्रे चावतात की, मग काळजी कशाची करायची?

चावणं वेगळं आणि गिळणं वेगळं. कुत्र्याने चप्पल फाडली तर ओरडण्याआधी एक काम करा, सगळे तुकडे गोळा करून फरशीवर मांडा आणि कोडं जोडतो तशी ती चप्पल जोडून बघा. पट्टा आहे, टाच आहे, अंगठ्याची गोल आहे, सगळं जमलं तर त्याने नुसतं चघळलंय. एखादा तुकडा कमी पडत असेल तर तो पोटात आहे असं समजून चालायचं. खाण्याची नसलेली वस्तू पुन्हा पुन्हा गिळत राहणं याला डॉक्टर लोक पायका म्हणतात. हे नाव मॅगपाय पक्ष्याच्या लॅटिन नावावरून आलंय, आपल्याकडच्या टकाचोराच्या कुळातला, कावळ्यांचा नातेवाईक, जो काहीही खातो असं पूर्वी समजायचे. पायका हा स्वतः रोग नाही, ते लक्षण आहे, मागे कारण काय ते शोधावं लागतं.

पिल्लू चार महिन्यांचं आहे, टेबलाचे पाय, वायर, हात, सगळं चावतं. हा पायका आहे का?

बहुतेक नाही, दात येतायत. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात, त्या काळात हिरड्या शिवशिवतात. थंड गाजर द्या, पिल्लासाठी मिळणारी रबरी खेळणी फ्रीजमध्ये ठेवून द्या. वायरी मात्र आजच वर उचला, शॉक लागून पिल्लं जातात. आणि दात येण्याच्या नावाखाली गिळण्याकडे दुर्लक्ष करू नका, पिल्लूसुद्धा रबराचा तुकडा गिळून अडकवून घेऊ शकतं.

इतकी वर्षं काही नव्हतं, आता अचानक माती आणि भिंत चाटायला लागलाय. कंटाळा आला असेल का?

मोठ्या कुत्र्यात अचानक सुरू झालं तर कंटाळा वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि आधी रक्त तपासा. हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते, कारण लोक ट्रेनर शोधत बसतात आणि कुत्र्याचं हिमोग्लोबिन खाली खाली जात असतं. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एक इंडी म्हणजे आपली देशी कुत्री आहे, गोड पोरगी, ती जिन्यातल्या भिंतीचा चुना चाटायला लागली. पावसाळा होता, सगळ्यांना वाटलं बाहेर फिरायला मिळत नाही म्हणून करते. मी तिचा ओठ वर करून बघितला तर हिरडी गुलाबी असायला हवी ती जवळजवळ पांढरी, कागदासारखी. तिला गोचीडताप होता, गोचिडांमुळे होणारा बबेशिया, ज्यात रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि ॲनिमिया होतो. उपचार झाले, रक्त भरून आलं आणि भिंत चाटणं आपोआप थांबलं, कुणी काही शिकवायची गरज पडली नाही.

तर घरी बघायचं ते हे, हिरडीवर बोटाने दाबा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. नाही झाली किंवा मुळातच फिकट असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तिथे हे कळत नाही, मग खालच्या पापणीच्या आतला रंग बघा. बाकी कारणं म्हणजे जंत, आतड्याची जुनी सूज, लिव्हरचे त्रास, डायबेटिस. जर्मन शेफर्डमध्ये स्वादुपिंडाचा एक आजार बराच दिसतो, त्यात पाचक रस कमी बनतो, कुत्रा भरपूर खाऊनही वाळत जातो, शी ढीगभर आणि तेलकट होते, आणि भुकेपायी तो वाट्टेल ते खातो. औषधांमुळेही होतं. खाजेसाठी स्टिरॉइड चालू असेल किंवा फिट्ससाठी फिनोबार्बिटोन, तर भूक प्रचंड वाढते. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका, एकदम बंद करणं धोक्याचं असतं, डॉक्टरांना सांगा फक्त.

कॅल्शियम कमी आहे म्हणून खातो असं सगळे सांगतात, सिरप चालू करू का?

नका करू. मोठ्या जातीच्या पिल्लांना वरून जास्तीचं कॅल्शियम दिलं तर उलट हाडांची वाढ बिघडते. मात्र कुत्रा महिनोन्महिने दूध-पोळी किंवा नुसता दहीभात खात असेल तर आहारात खरंच उणीव आहे, तिथे सिरप ओतून काही होणार नाही, आहार बदलायला हवा.

काही जातींमध्ये हे जास्त असतं का?

हो. लॅब्राडोर खादाड असतो हे आपण गमतीने म्हणतो पण २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो, त्या कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते. हे वाचलं तेव्हा मला बंड्याबद्दल फार वाईट वाटलं, इतके दिवस आम्ही त्याला हावरट म्हणत होतो. डॉबरमनचं वेगळं असतं, काही डॉबरमन गोधडी किंवा स्वतःची कूस तासन्‌तास चोखत बसतात, त्याचा संबंध एका जीनशी असल्याचं २०१० मध्ये समोर आलं. अशा कुत्र्याला ओरडून काय होणार. चोखता चोखता गोधडीचे धागे पोटात जातायत का एवढं मात्र बघा.

रक्त नॉर्मल, जंत नाहीत, तरी खातोच. आता काय?

मग त्याच्या दिवसाकडे बघा. आपल्या फ्लॅटमधल्या कुत्र्याचा दिवस कसा असतो तर सकाळी घाईघाईत पंधरा मिनिटं खाली, त्यातही पट्टा ओढत "चल चल लवकर", मग आठ-नऊ तास चार भिंती, संध्याकाळी परत पंधरा मिनिटं. ज्या जाती दिवसभर शिकारीमागे नाहीतर मेंढरांमागे पळण्यासाठी तयार झाल्या त्यांनी काय करायचं? त्यांना जग तोंडाने कळतं, मग ते सोफ्याचा फोम काढून बघतात.

आम्ही जे बदललं ते सांगते. वॉकच्या वेळी तो जिथे थांबेल तिथे थांबायचं, एका खांबाचा वास पाच मिनिटं घ्यायचाय तर घेऊ दे. अंतर कमी झालं तरी चालतं, वास घेऊन कुत्रा जास्त दमतो आणि शांत होतो. सकाळचं जेवण भांड्यात द्यायचं बंद केलं. जुन्या टॉवेलमध्ये डॉगफूडचे दाणे गुंडाळून देता येतात पण आमचा टॉवेलच खाईल म्हणून ते नको, आम्ही केकच्या ट्रेच्या खाचांमध्ये दाणे टाकतो आणि वर टेनिस बॉल ठेवतो, बॉल बाजूला करून दाणे शोधायला त्याला वीस मिनिटं लागतात. (बॉल खेळ संपला की लगेच उचलायचे.) पोकळ जाड रबरी खेळण्यात दही आणि भोपळा भरून फ्रीजरमध्ये ठेवतो, आम्ही ऑफिसला निघताना ते देतो. खेळणं त्याच्या घशात जाणार नाही एवढं मोठं घ्या, आणि तुकडे पडायला लागले की फेकून द्या, महाग होतं म्हणून ठेवू नका. शिंगं, कडक खुर हे टाळा, वरची मोठी दाढ उभी चिरते आणि मग दात काढावा लागतो.

फक्त आम्ही घरी नसतानाच करतो.

फोन रेकॉर्डिंगवर लावून बाहेर जा आणि नंतर बघा. आरामात हिंडून एकेक वस्तू चावत असेल तर कंटाळा. पण तुम्ही निघताच धापा टाकतोय, लाळ गळतेय, रडतोय आणि दाराची चौकट, खिडकी अशा बाहेर जायच्या जागाच कुरतडतोय तर ती एकटेपणाची भीती आहे. भीतीवर खेळणी पुरत नाहीत. एका मिनिटापासून सुरू करून हळूहळू एकटं राहायची सवय लावावी लागते, काहींना औषधाची मदत लागते. अशा कुत्र्याला छोट्या पिंजऱ्यात कोंडलं तर तो दात आणि नखं तोडून घेतो, तसं करू नका.

तोंडात काहीतरी दिसलं की लगेच ओढून काढतो, तरी सुधारत नाही. चुकतंय कुठे?

तिथेच चुकतंय, आणि आमचंही तिथेच चुकलं होतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

बंड्या लहान असताना मोजा उचलला की घरभर आरडाओरडा व्हायचा. मुलगा पुढून, मी मागून, सोफ्याभोवती दोन चकरा, मग कोपऱ्यात गाठून जबडा उघडायचा आणि बोटं घालून मोजा काढायचा. आम्हाला वाटायचं शिस्त लावतोय. तो काय शिकला? एक, मोजा ही घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे, कारण त्यासाठी सगळे धावतात. दोन, माणूस जवळ आला की वस्तू जाते. तीन, वाचवायची असेल तर एकच जागा सुरक्षित आहे, पोट. आधी तो मोजा घेऊन नुसता बसायचा, चघळायचासुद्धा नाही. गिळायला त्याला आम्ही शिकवलं.

यावर उपाय म्हणजे अदलाबदल. तोंडात काही दिसलं तर पळू नका, ओरडू नका, उलट पाठ फिरवून स्वयंपाकघराकडे जा, फ्रीज उघडा, उकडलेल्या चिकनचा नाहीतर पनीरचा डबा वाजवा. बहुतेक कुत्रे वस्तू टाकून येतात. तुकडे त्याच्यापासून लांब जमिनीवर टाका, तो खात असताना दुसऱ्याने वस्तू उचलायची. त्याच्या डोळ्यांसमोर झडप घालायची नाही.

हे झालं प्रसंगापुरतं. शिकवायचं ते शांत वेळी. आधी त्याला फारसं प्रिय नसलेलं खेळणं द्या, तोंडात धरलं की नाकाशी चिकन न्या, तोंड उघडतं त्या क्षणी "सोड" म्हणा, चिकन द्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खेळणं त्याला परत द्या. सोडलं की दुप्पट मिळतं हे त्याला पटायला हवं. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, मग हळूहळू जास्त आवडीच्या वस्तू. बंड्याला घट्ट बसायला जवळपास तीन महिने लागले. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा, आजी "टाक" म्हणणार, बाबा "ड्रॉप" म्हणणार असं केलं की त्याचा गोंधळ होतो.

तोंडातली वस्तू घ्यायला गेलं की गुरगुरत असेल तर स्वतः प्रयोग करू नका, मारझोड न करणारा ट्रेनर गाठा.

मारलं, नाकावर टिचकी दिली, वस्तूंना तिखट लावलं तर?

नका हो. मार खाल्लेला कुत्रा खायचं सोडत नाही, तुमच्यासमोर खायचं सोडतो, म्हणजे सोफ्यामागे जाऊन घाईघाईने गिळतो आणि तुम्हाला कळतही नाही काय गेलंय ते. तिखटाने डोळे आणि तोंड जळतं. कडू स्प्रे मिळतात ते फर्निचरवर थोडेफार चालतात, काही कुत्रे तेही चाटतात.

गिळताना बघितलं. आता या क्षणी काय करू?

फोन करा आणि निघा. काय गिळलं, केवढं, किती वाजता, एवढं सांगा, तशीच दुसरी वस्तू घरात असेल तर सोबत न्या. पहिले एक-दोन तास फार मोलाचे असतात कारण वस्तू अजून पोटात असते, डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवू शकतात किंवा दुर्बिणीने काढू शकतात. आतड्यात उतरली की पोट कापण्यावर येतं.

घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. हा उपाय अजूनही सांगितला जातो आणि त्याने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा फिट्स येऊन दगावू शकतो. टोकदार वस्तू, बॅटरी, ॲसिड, फिनाइल असं काही गेलं असेल तर उलटी करवणंच घातक, जाताना जेवढं जळतं किंवा फाटतं तेवढं येताना परत.

अजिबात न थांबता जायचं अशा गोष्टी म्हणजे रिमोट आणि खेळण्यांमधल्या चपट्या बटन बॅटरी (तासाभराच्या आतही अन्ननलिका जळू शकते), एकापेक्षा जास्त लोहचुंबक, सुई, दोरा, उंदराचं औषध, डांबरगोळ्या, शुगर-फ्री च्युइंगगम ज्यात झायलिटॉल असतं, कण्हेरीची पानं आणि सायकस पामच्या बिया. उंदराच्या औषधाचं पाकीट आवर्जून न्या, कारण एका प्रकारात तीन-चार दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो आणि तोवर कुत्रा ठणठणीत दिसतो.

गिळताना बघितलं नाही, पण संशय आहे. लक्षणं काय?

बंड्याचं सांगते. संध्याकाळी जेवला नाही, लॅब जेवला नाही यातच सगळं आलं पण आम्ही म्हटलं गरमी असेल. रात्री दोनला चप चप आवाजाने जाग आली, तो फरशी चाटत होता, सलग, थांबेचना. मग पिवळा फेस उलटला, पाणी प्यायला, तेही उलटलं. नंतर पुढचे पाय पसरून छाती जमिनीला आणि मागचा भाग वर, नमस्कार घातल्यासारखा, तसाच थांबला. तो आळस देत नव्हता, त्याचं पोट दुखत होतं. सकाळी डॉक्टरांनी पोटाला हात लावला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो माणसावर गुरगुरला. दुपारी ऑपरेशन झालं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये तो मोजा दाखवला, काळपट हिरवा झालेला, दोरखंडासारखा पिळलेला, इलॅस्टिकवरची निळी रेघ तेवढी ओळखू येत होती. तो हरवल्याला नऊ दिवस झाले होते. म्हणजे बरेच दिवस वस्तू पोटात गप्प पडून राहू शकते, "आठवडा झाला, आता काही होणार नाही" असं धरून चालू नका.

पुन्हा पुन्हा उलट्या, खाणं बंद, शी बंद किंवा नुसतं कुंथणं, पोट दुखणं, मलूल पडणं, यातली दोन जरी एकत्र दिसली तरी रात्र काढू नका.

शीच्या जागेतून दोरा लटकतोय, ओढून काढू का?

नाही, कधीच नाही. दोऱ्याचं एक टोक वर जिभेखाली किंवा पोटात अडकलेलं असतं आणि आतडं त्यावर नाडी ओवलेल्या लेंग्यासारखं गोळा होत जातं, ओढला की दोरा आतडं आतून करवतीसारखा कापतो. लटकणारा भाग कात्रीने आखूड करा आणि डॉक्टरकडे न्या. संक्रांतीला मांजा, राखीपौर्णिमेनंतर राख्या, गणपतीत चमकी आणि झिरमिळ्या, या दिवसांत रोज झाडून घ्या.

एक्स-रे क्लिअर आला, म्हणजे सुटलो ना?

धातू, दगड, हाड एक्स-रेत दिसतं. कापड, पातळ प्लास्टिक, रबर बऱ्याचदा दिसत नाही, तिथे आतड्यात साचलेल्या हवेवरून अंदाज बांधतात. उलट्या चालूच असतील तर सोनोग्राफीबद्दल विचारा. गावाकडे सोय नसेल तर व्हेटर्नरी कॉलेजची हॉस्पिटल्स लक्षात ठेवा, परळला (१८८६ पासूनचं कॉलेज आणि त्याच आवारातलं, आपण ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो ते), शिरवळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला. रात्री कोण उघडं असतं हे आजच विचारून नंबर फ्रीजवर चिकटवा, आम्ही रात्री दोनला नंबर शोधत बसलो होतो.

ऑपरेशननंतर किती दिवस जपायचं?

आतड्याला टाके असतील तर तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात नाजूक, टाके सुटून आतलं पोटात पाझरलं तर जिवावर बेततं. कुत्रा दुसऱ्या दिवशी शेपूट हलवायला लागतो आणि आपण निर्धास्त होतो. ताप, परत उलट्या, एकदम गप्प होणं, यातलं काहीही दिसलं की परत न्यायचं. आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला कोन काढायचा नाही, कितीही केविलवाणा बघितला तरी.

आंब्याची कोय, मक्याचं कणीस, हाडं?

हे खाण्याचंच वाटतं म्हणून लोक स्वतः देतात. कोय आणि कणसाचा बुरकुंडा पचत नाही, आतड्यात बुचासारखं बसतं. मे महिन्यात कोयी झाकणाच्या डब्यात टाका, उघड्या बादलीत नाही. शिजवलेली हाडं टोकदार तुटतात.

गवत आणि शी खातो, तेही हेच का?

अधूनमधून गवत खाणं नॉर्मल आहे, औषध फवारलेलं नसावं. पिल्लांची आई शी खातेच, बाकी कुत्र्यांमध्ये जंत आणि पचन तपासा, आणि शी झाल्या झाल्या उचला. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध.

तोंडाला माझल, म्हणजे मुसकं, लावणं क्रूर नाही का?

कापडी घट्ट माझल लावून फिरवणं वाईटच, त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि आपल्या उन्हात तो तापून मरू शकतो. जाळीच्या बास्केट माझलमध्ये तो धापा टाकतो, पाणी पितो, खाऊही घेतो, फक्त रस्त्यावरचं उचलत नाही. आठ-दहा दिवस आतून दही लावून त्याला स्वतःहून नाक घालायला शिकवा. लोक रस्ता बदलतात, "चावतो का?" विचारतात, सांगायचं की दगड खातो. घरी एकटा असताना मात्र लावून ठेवू नका.

यावर गोळ्या असतात का?

काही कुत्र्यांमध्ये तो खरंच मनाचा आजार असतो, समोर चिकन ठेवलं तरी दगड सोडत नाहीत. त्यांना डॉक्टर फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन देतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सोबत शिकवणं चालूच ठेवावं लागतं. माणसांच्या गोळ्या घरातल्या डब्यातून देऊ नका.

सोसायटीतल्या कुत्र्यांना आम्ही खाऊ घालतो, ते पिशव्याच खातात.

कारण पिशवीला रश्श्याचा वास असतो. उरलेलं अन्न गाठ मारलेल्या पिशवीत टाकू नका, आणि खाऊ घालताना पत्रावळीवर नाहीतर भांड्यात घाला, खाऊन झालं की ते उचला.

हे पूर्ण बरं होतं का?

आजारामुळे असेल तर आजार गेल्यावर बहुतेकदा जातं. सवयीचं असेल तर कमी होतं, पण घर कायम आवरलेलं ठेवावं लागतं. आम्ही एक वही ठेवलीय, तारीख, वेळ, काय उचललं, त्याआधी दिवस कसा गेला होता. दोन महिन्यांत कळलं की बहुतेक नोंदी संध्याकाळी सहा ते आठच्या आहेत, आम्ही घरी येऊन फोनवर असतो तेव्हाच्या. वॉक सहाला सरकवला आणि नोंदी निम्म्यावर आल्या. मोजे आता झाकणाच्या टोपलीत जातात, हे काम माझ्या मुलाने स्वतःहून घेतलंय. मागच्या आठवड्यात पाहुण्यांचा रुमाल सोफ्यावर राहिला होता, बंड्याने तो उचलला, सोफ्यामागे नेला नाही, स्वयंपाकघरात येऊन फ्रीजसमोर ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. त्याला चिकनचे दोन तुकडे दिले आणि वहीत लिहिलं.